तात्यांचं आचमन

कोपराचा सांधा म्हणजे देवश्रीच्या डाव्या हातचा मळ. दाराच्या बिजागरीसारखा एकाच दिशेने वाकणारा, त्यात गूढ ते कसलं, असं ती देवासच्या आपल्या फिजिओथेरपीच्या क्लिनिकात येईल त्या पेशंटला ठासून सांगे.

धारच्या तात्यांकडे ती माईंच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, ओळखीने गेली. सत्तरीचे तात्या देवळात पूजेला. पडून कोपर मोडलं होतं; प्लास्टर निघालं, पण उजवा हात काटकोनात अडकला तो अडकलाच. आचमनाचं पाणी घेतलेला तळहात तोंडापासून वीतभर लांब राही. रामनवमीपर्यंत जमलं नाही तर पूजा दुसऱ्याकडे, असं देवळाच्या मंडळींनी कळवलं होतं. चाळीस वर्षांची पूजा. तात्यांना रडू आलं होतं, हे माईंनी हळूच सांगितलं.

पण तात्या सोवळ्यात होते, शिवायचं नाही. देवश्रीने हसून स्वतःच्याच हातावर दाखवलं. मनगटाला पंचा बांधायचा, डाव्या हाताने खांद्याकडे ओढायचा, रोज शंभर वेळा. सांधा ऐकतो म्हणजे ऐकतोच, ती म्हणाली.

तीन आठवड्यांनी माईंचा फोन आला. जमलं, आता मंडळींना दाखवायला चिठ्ठी द्या.

देवश्री गाभाऱ्याबाहेर बसली. उपरण्याखालून तात्यांचा तळहात तोंडाशी गेला आणि पाणी सुरकन प्यायलं गेलं. तिला मनापासून आनंद झाला.

पूजा आटोपली, सोवळं सुटलं. तिने कोपरावर कोन मोजायची पट्टी लावली. नव्वद अंश.

"आता वाकवा, तात्या."

तळहात ओठांना टेकला. पट्टी नव्वदवरच होती.

तिने खांद्यावर हात ठेवून पुन्हा करायला लावलं. खांदाही हलला नाही.

तिने उपरणं बाजूला केलं.

"पंचा कुठे बांधत होता?"

"मनगटाला झोंबायचं, म्हणून जरा अलीकडे. अपने को तो आचमन से मतलब, बाई."

कोपर आणि मनगट यांच्या बरोबर मध्ये हात वाकला होता.

तिने ती जागा चाचपून पाहिली. तिथला सांधा चांगला होता. एकाच दिशेने जाणारा, कुरकुर नाही, दुखणं नाही. चिठ्ठीत खोटं काहीच लिहावं लागणार नव्हतं.

वाकलेल्या जागी बाहेरच्या बाजूची कातडी जाड, काळपट आणि सुरकुतलेली होती. सत्तर वर्षं टेकून टेकून कोपराची होते तशी.