आधीच वळणारं मशीन

विश्वास बसणार नाही, नका ठेवू. पण हे घडलंय. माझ्या मावसबहिणीच्या, सायोकोच्या बाबतीत. जपानमधल्या शिमानेच्या डोंगरातल्या आमच्या गावात, ओबोनच्या, म्हणजे पितरांच्या सणाच्या, आदल्या दिवशी, संध्याकाळी.

पितर घरी येण्याआधी थडग्यांकडे जाणाऱ्या वाटेचा उतार साफ करायचा असतो. गावात आता धडधाकट माणसं मोजकीच, म्हणून रिमोटवर चालणारं गवत कापायचं मशीन घेतलेलं. सायोको वर रस्त्यावर उभी राहून ते चालवायची.

मशीन कुरकुरायला लागलं होतं. कापलेल्या गवताची टोकं फाटलेली, पांढरी दिसायची.

"कापतेयस की चावतेयस?" तिचे मोठे दीर तोकुजी म्हणाले आणि त्यांनी सकाळीच पाती बदलून दिली.

पण एक खोड राहिलीच. रिमोटची दांडी सरकवली की मशीन उशिरा वळायचं. नवे सेल घातले, तरी तेच. सण उरकला की उघडून बघू, असं तोकुजी म्हणाले.

संध्याकाळी दरीतून धुकं चढलं. मशीन अर्ध्या उतारावर होतं...

आणि उशीर संपला.

सायोकोला बरं वाटलं. डावीकडे, उजवीकडे, कसं झटक्यात वळत होतं.

मग तिच्या लक्षात आलं...

ते आधी वळत होतं.

तिचा अंगठा हलायच्या आधी.

तिने रिमोट बंद केला. रस्त्यावर ठेवला. मागे सरली.

खाली घरघर चालूच...

उंच गवताच्या एका पट्ट्याभोवती मशीन फिरत होतं. एकदा. पुन्हा एकदा. मग आपणहून थांबलं.

झाडांवरचे किडेही गप्प.

पट्टा माणसाच्या लांबीचा होता.

सायोको घसरत खाली उतरली. गवतात गावातल्या किनूआजी पडल्या होत्या. थडगं धुवायला आलेल्या, पाय मोडलेला. श्वास चालू होता.

आजींनी तिचं मनगट घट्ट धरलं. "मशीनमागून चालत होता, तो कुठे गेला?"

"कोण, आजी? इथे कोणी नाही."

"ओल्या पायांचा. मला म्हणाला, हलू नकोस."

सण उरकायची वाट न बघता दुसऱ्याच दिवशी तोकुजींनी मशीन उघडलं. रिमोटचा इशारा पकडणारी तार आत तुटलेली. दोन्ही टोकांवर हिरवा गंज.

"हे कालचं नाही," ते सायोकोला हळूच म्हणाले. "इशारा तुटला की हे जागच्या जागी थांबायला हवं."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही.

तार बदलली. आजी बऱ्या झाल्या. त्या माणसाबद्दल पुन्हा बोलत नाहीत. गवत अजून सायोकोच कापते, दुसरं आहे कोण? मशीनचा आवाज जरा बदलला तरी काम थांबवून ते उघडते.

फक्त ते वळताना त्याच्याकडे बघत नाही.

आधी वळलं, तर...

तिला ते दिसायला नको.