गच्चीवरचा अपूर्व

"मला वेड लागलंय का, एवढंच सांगा," शामलाबाई टोकेकर म्हणाल्या. "सोमवारी लेक मला वेड्यांच्या इस्पितळात दाखवायला नेणार आहे."

पडाव भागातल्या त्या लहानशा कचेरीत गुप्तहेर राजलक्ष्मी महाडिक शांतपणे ऐकत होती. तिचे मदतनीस, मुरारचे निवृत्त सुभेदार शिवाजीराव, नेहमीप्रमाणे आधीच हळहळू लागले होते.

हकीकत जीव पिळवटणारी होती. तीन महिन्यांपूर्वी त्यांच्या नवऱ्याने, भालचंद्ररावांनी, मुलाला, अपूर्वला, दाट धुक्यात हट्टाने भिंडला पाठवलं. वाटेत गाडीला अपघात होऊन तो गेला. तेव्हापासून शामलाबाई नवऱ्याशी शब्द बोलल्या नव्हत्या. रक्तदाबाची औषधंही त्यांनी सोडली होती. आणि गेले वीस दिवस, सकाळी आठला, गच्चीवर अपूर्वचा आवाज येत होता.

"म्हणतो, आई, गोळी घे. तो सांगतो म्हणून घेते. परवा डॉक्टरांनी गोळी बदलली, तर म्हणाला, आता पिवळी घे."

दुसऱ्या दिवशी राजलक्ष्मी आणि शिवाजीराव दर्पण कॉलनीत टोकेकरांच्या घरी पोहोचले, तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते.

"काल मी मम्मीच्या बाजूलाच उभी होते," लेक प्रांजली म्हणाली. "मला कुछ भी ऐकू नाही आलं. वर एक ड्रोन होता, पण इथे तर लग्नांच्या शूटिंगचे रोजच फिरतात."

"आणि बाबा?" राजलक्ष्मीने विचारलं.

"आठला सोवळ्यात, देवघरात. चाळीस मिनिटं त्यांना हाकही मारायची नाही."

भालचंद्ररावांनी हात झटकले. "मी पूजेत असतो. मला काय कळणार?"

शिवाजीराव देवघरात हात जोडून आले. "पूजा आत्ताच झाली म्हणे, आणि देवांवर जास्वंद कालची, सुकलेली. सहाणही कोरडी. वय झालं की ध्यान राहत नाही."

राजलक्ष्मी देवघराच्या मागच्या दाराकडे पाहत होती. ते परसात उघडत होतं.

अपूर्वचा भागीदार सौरव मुरारला भेटला. "मॅडम, आम्ही मेळ्यासाठी ड्रोन बनवलेले. भीडमध्ये हरवलेल्या माणसासमोर जाऊन थांबायचं आणि आवाज सिर्फ त्याच्यावर टाकायचा. बाजूवाल्याला पताही लागत नाही. तो बोलला तर इकडे ऐकू येतं. आवाज अपूर्वचाच भरलाय. आपण लिहायचं, ड्रोन बोलतो."

"किती आहेत?"

"दो. एक अपूर्वच्या घरी होता. काकांना विचारलं, तर म्हणाले, सापडत नाही."

संध्याकाळी राजलक्ष्मीने सगळ्यांना दिवाणखान्यात बसवलं.

"शामलाबाई, तुम्ही ठणठणीत आहात. आवाज खरा होता, ड्रोनमधून येत होता. सौरवला गोळी बदललेली कशी कळेल? प्रांजली तर तुमच्या शेजारीच होती. उरला तो एकच माणूस, ज्याला चाळीस मिनिटं कुणी हाक मारत नाही आणि जो कालची फुलंही न काढता देवघरातून बाहेर येतो. पूजा होतच नव्हती. मागच्या दाराने ड्रोन उडत होता."

शिवाजीरावांनी कपाळावर हात मारला. कोडं सुटलं होतं, पण राजलक्ष्मीला जराही बरं वाटलं नाही.

"बाबा! मम्मीला पागल ठरू दिलंत?" प्रांजली किंचाळली.

"माझ्या हातून ती पाणीसुद्धा घेत नव्हती गं," भालचंद्रराव म्हणाले. "खरं सांगितलं असतं तर गोळीही सुटली असती. सोमवारच्या आत सांगायचं रोज ठरवत होतो. धीर झाला नाही."

तीन महिन्यांनी शामलाबाई नवऱ्याशी बोलल्या.

"मी त्याच्याशी बोलायचे, ते तुम्हाला ऐकू येत होतं?"

"हो."

"मंगळवारी मी म्हणाले, तुझ्याऐवजी तुझे बाबा गेले असते तर बरं झालं असतं."

"ऐकलं."

"तरी बुधवारी उडवलंत?"

"तुझी गोळी राहिली असती."