वहिनी म्हणाल्या

मागचं अंगण जरा माणसात आणायचं, एवढंच काम होतं.

घर घेताना चष्मेवाल्याला सांगितलं होतं की मागे मोठं अंगण आहे. प्रत्यक्षात दिसलं ते रान. कमरेइतकं गवत, त्यात काटेरी झुडपं, आणि पार टोकाला कुंपणाला लागून वेलीझुडपांची अशी गच्च जाळी की भर दुपारीही तिच्या आत अंधार असायचा. त्याचं चष्म्यांचं दुकान गल्लीच्या तोंडाशीच होतं. दिवसभर लोकांच्या डोळ्यांपुढे भिंगं धरून ‘आता स्पष्ट दिसतंय का?’ विचारायचं, आणि संध्याकाळी घरी येऊन मागच्या खिडकीचा पडदा ओढून घ्यायचा, असं चाललं होतं.

पण आता घरात बाळ येणार होतं. बायको पोहायला शिकवायची. गळ्यात शिट्टी अडकवून तलावाच्या काठाने दिवसभर फिरणारी बाई, आणि आठव्या महिन्यात डॉक्टरांनी तिला पलंगावर आडवं करून ठेवलं होतं. रक्तदाब वर जात होता. न्हाणीघरापर्यंत जायचं तेवढंच उठायचं, जिना तर अजिबात उतरायचा नाही.

“मासा होते रे मी, आता पोतं झाले,” ती म्हणायची. तिची खोली वरच्या मजल्यावर, रस्त्याच्या बाजूला. तिथून मागचं काहीच दिसत नसे. म्हणून त्याने ठरवलं, बाळ घरी येईल तेव्हा तिला हात धरून खाली न्यायचं आणि हिरवळीवर बसवायचं.

दोन गल्ल्या पलीकडे एका नीटनेटक्या बागेच्या फाटकावर बागा करून देणाऱ्या कंपनीची पाटी होती. त्याने फोन केला. दुसऱ्या दिवशी मुकादम हजर. गोल चेहऱ्याचा, बोलका, डोक्यावर गवताची टोपी. अंगणात एक फेरी मारून म्हणाला, “काळजी सोडा, साहेब. असं करून देतो की पाहुणे दिवाणखान्यात थांबायचेच नाहीत.” ठरलं ते असं: रान काढायचं, हिरवळ लावायची, मधून फरशीची पायवाट, कुंपणापाशी एक ओटा, आणि ती जाळी मुळासकट उपटायची.

काम सुरू झालं त्या दिवशी दुपारी तो जेवायला घरी आला. अंगण ओळखू येत नव्हतं. उघडी पडलेली लाल माती, कापलेल्या गवताचा हिरवा, कच्चा वास. जाळी मात्र जशीच्या तशी होती.

“हे राहिलं?”

“वहिनी म्हणाल्या, राहू दे,” मुकादम कपाळ पुसत म्हणाला.

चष्मेवाला तसाच जिना चढून गेला. बायको कुशीवर झोपून पुस्तक वाचत होती.

“खाली कशाला गेली होतीस?”

“कोण, मी?” ती हसली. “इथे कूस बदलायची म्हटली तरी दोनदा विचार करते मी.”

तिच्या पायांचे तळवे स्वच्छ होते. मुकादमाने शेजारच्या कोणाला पाहिलं असेल, त्याने मनाची समजूत घातली.

दुसऱ्या दिवशी ओट्याचं बांधकाम निम्म्यावर आलं होतं. कुंपणाकडे तोंड करून बसता येईल असा ठरलेला ओटा बरोबर उलटा, घराकडे तोंड करून, जाळीला पाठ लावून बांधला होता.

“वहिनी म्हणाल्या, बसल्यावर घर दिसायला हवं.” मुकादमाने त्याचा चेहरा पाहिला आणि आवाज खाली आणला. “साहेब, रागावू नका त्यांच्यावर. सारखं आत बसून जीव उबगतो माणसाचा. उन्हात नका उभं राहू म्हटलं मी. तर नुसत्या हसल्या.”

“कशा दिसतात… वहिनी?”

मुकादम गोंधळला. स्वतःच्या बायकोबद्दल असं कोण विचारतं? “म्हणजे… हिरवा गाऊन. सैल वेणी. एक हात असा कमरेवर.”

वर बायको हिरव्या गाऊनमध्ये, सैल वेणी घालून झोपली होती.

त्या दिवशी दोघांचं भांडण झालं. तो काळजीने बोलत होता, पण शब्द संशयाचे निघत होते. अशा दिवसांत हट्ट करतेस, मलाच फसवतेस, बाळाला काही झालं तर… शेवटी तिच्या डोळ्यांतून घळघळा पाणी यायला लागलं. “मी पलंग सोडला नाही रे. उद्या दुकान बंद ठेव आणि बस माझ्याजवळ पहारा देत. मग तरी पटेल?”

तो खरंच बसला. सकाळ शांतपणे गेली. तो तिचे पाय चेपत होता, ती बाळासाठी नावं सुचवत होती आणि तो प्रत्येकाला नाक मुरडत होता. मागून फावड्यांचे आवाज येत होते. मुकादमाने काहीतरी विनोद केला असावा, कारण गडी हसले. आणि त्यांच्या हसण्यात मिसळून एक बाई हसली.

बायकोचा हात त्याच्या मनगटावर घट्ट झाला.

“कोण आहे खाली?”

“असेल कोणी… कामवाली.”

“ऐक ना,” ती पुटपुटली. “माझ्यासारखं हसते ती…”

तो जिना उतरला. बोळातून मागच्या दाराशी आला. दाराच्या काचेतून अंगण दिसत होतं. डोळे दिपवणारं दुपारचं ऊन, ओली माती, वाकून फरश्या बसवणारे गडी. ओट्यावर ती बसली होती, जरा बाजूला वळून. हिरवा गाऊन, सैल वेणी, एक हात कमरेवर, दुसरा पोटावर. तिची मान वळवायची लकब, अंगठ्याने नख खरवडायची सवय, सगळं त्याच्या ओळखीचं होतं. इतकं ओळखीचं की क्षणभर तिला हाक मारावी असं त्याला वाटलं.

तेवढ्यात वरून बायकोने हाक मारली. “अरे, दिसलं का कोणी?”

ओट्यावरच्या बाईने मान उचलून घराकडे कान दिला. आपलंच बोलणं दुरून ऐकू यावं तशी.

चष्मेवाल्याचा हात कडीवरच गोठला. किती वेळ गेला कोण जाणे. धीर करून त्याने दार उघडलं, एक पाऊल बाहेर टाकलं. ओटा रिकामा होता.

“गेली कुठे ती?” त्याने मुकादमाला विचारलं.

“आत गेल्या की, आत्ताच.” मुकादम कसनुसा हसला. “तुमच्या शेजारून. तुम्हीच नाही का बाजूला सरून वाट दिलीत…”

तो धडपडत वर धावला. बायको एकटीच होती, पांढरीफटक. “इथे कोणी आलं नव्हतं ना?” तिने मान हलवली. मग म्हणाली, “कोणी आलं नाही. पण जिन्यापर्यंत पावलं आली होती. आणि थांबली…”

त्याच पावली खाली जाऊन त्याने काम थांबवलं. मुकादमाने कारण विचारलं नाही. त्यालाही जायचीच घाई झाली असावी. उद्या गडी घेऊन अवजारं नेतो म्हणाला.

रात्र दोघांनी दिवा न मालवता काढली. सकाळी बायकोची मोठी बहीण सोबतीला आली, तेव्हा कुठे तो दुकानात गेला. एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाच्या नाकावर चष्मा बसवत असताना फोन वाजला. मुकादम होता. आवाजात आनंद होता, सुटका झाल्यासारखा.

“अभिनंदन, साहेब! सांगायचं तरी! आज वहिनींच्या हातात बाळ पाहिलं आणि जिवात जीव आला.”

गिऱ्हाईक ‘आता स्पष्ट दिसतंय हो’ म्हणत राहिलं आणि चष्मेवाला रस्त्याने धावत सुटला होता.

बायको पलंगावर बसलेली होती, दोन्ही हात पोटावर. बहीण तिच्या पाठीवरून हात फिरवत होती.

“सकाळपासून हललं नाही रे,” बायको म्हणाली. “झोपलं असेल म्हटलं… पण एकदाही नाही.”

पुढच्या दाराने गाडीत घालून तिला हॉस्पिटलला नेलं. डॉक्टरीणबाईंनी पोटावर यंत्र फिरवलं, मान तिरकी करून ऐकलं, पुन्हा ऐकलं. “ठोके आहेत. फार मंद आहेत. आत्ताच काढावं लागेल.” पलंग चाकांवर ढकलत आत नेला. बायकोने त्याच्याकडे बघत हात उचलला होता, तो दारामुळे दिसेनासा झाला.

बहीण खुर्चीत डोळे मिटून बसली. तो येरझारा घालत होता. फोन पुन्हा वाजला.

“साहेब, आम्ही निघतोय,” मुकादम दबक्या आवाजात म्हणाला. “पण वहिनी उन्हात बसल्यात, बाळाला घेऊन. बाळ रडत नाही, हलत नाही. आत जा म्हटलं त्यांना. तर म्हणतात, ह्यांनी बोलावल्याशिवाय कशी जाऊ?”

तो दारापासून दूर सरकला.

“फोन द्या त्यांना.”

मातीवरून चालल्याचा आवाज. मग श्वास. आणि मग बायकोचा आवाज. तोच, सकाळी झोपेतून उठल्यावरचा, जरासा घोगरा.

“किती वेळ रे… मला आत ये म्हण.”

“कोण… कोण आहात तुम्ही?”

“बाळ गार पडत चाललंय. आत ये म्हण ना.”

शस्त्रक्रियेच्या खोलीतून एक परिचारिका धावत बाहेर आली, काहीतरी घेऊन तशीच धावत आत गेली. आतून कोणी तरी मोठ्याने म्हणालं, “लवकर, लवकर!”

हे म्हणू नये, हे त्याला कळत होतं. सगळं अंग सांगत होतं.

“ये,” तो म्हणाला. “ये आत. बाळाला घेऊन ये.”

फोनमध्ये बाळ रडलं. त्याच क्षणी दारापलीकडेही रडलं. एकच रडणं, दोन ठिकाणी. मग फोनमधलं थांबलं आणि दारापलीकडचं वाढत गेलं.

मुलगी झाली. धडधाकट, गुलाबी. डॉक्टरीणबाई कपाळावरचा घाम पुसत म्हणाल्या, “आईने मध्येच घाबरवलं होतं. नाडीच लागेना. पण अचानक सावरली हो. आता दोघीही छान आहेत.”

संध्याकाळी बायको शुद्धीवर आली. हसली, बाळाला मागून घेतलं. अगदी सराईतपणे छातीशी धरलं. बहीण आनंदाने रडली आणि घरी फोन करायला बाहेर गेली. चष्मेवाला पलंगाच्या कडेला बसला, बायकोचा हात हातात घेतला. हात ऊबदार होता. उन्हात बसून आलेल्या माणसाचा असतो तसा. ह्या खोलीत तर पंखा गरगरत होता. ‘काहीतरीच,’ त्याने स्वतःला दटावलं. त्याला इतकं हलकं वाटत होतं की त्याला दुसरा कुठलाच विचार नको होता.

फोन थरथरला. मुकादम. तो खिडकीशी गेला.

“साहेब…” आवाज ओळखू येत नव्हता. “एक फावडं राहिलं म्हणून परत आलो होतो तुमच्याकडे. साहेब, तुम्ही लवकर घरी या. वहिनी मागच्या दाराशी आहेत.”

“काय?”

“हॉस्पिटलचे कपडे आहेत अंगावर. अनवाणी आहेत. पोट धरून दार ठोठावतायत… रडतायत हो. तुम्हाला हाका मारतायत. मी बोलतोय तर माझ्याकडे बघतही नाहीत.”

चष्मेवाला हळूच वळला. पलंगावरची बाई बाळाला थोपटत होती. तिने नजर वर केली.

“कोण आहे?”

त्याने बाळाकडे पाहिलं.

“ठेव तो फोन,” ती मायेने म्हणाली. “बाळ झोपलंय.”

त्याने फोन कानापासून काढला नाही. दुरून, अंगणातून, दारावर पडणाऱ्या थापा ऐकू येत होत्या. मग त्या मंद होत गेल्या.