अर्ध्यावरचा काटा

बोटीतला डिझेलचा काटा आणि स्थळ सुचवणारा मध्यस्थ, दोघांचंही बोलणं अर्धंच धरावं, असं आमचे वडील म्हणायचे. त्यांचं स्वतःचं लग्न मध्यस्थानेच जमवलं होतं, त्यामुळे हे वाक्य सुरू झालं की आई भांडी आपटायची.

काट्याबद्दल मात्र ते खरं बोलायचे. मी धक्क्यावर बोटींची इंजिनं दुरुस्त करतो, वर्कशॉपच्या वरच्याच खोल्यांत राहतो, त्यामुळे हे काटे मी जन्मभर बघतोय. टाकीत एक फ्लोट तरंगत असतो, तो वरखाली होतो तसा काटा हलतो. रस्त्यावरच्या गाडीत हे ठीक आहे. पाण्यावर टाकी सदा डुलते, फ्लोट अडकतो, वायरींना ओल लागते. शिवाय बोटीची टाकी खाली निमुळती, म्हणजे काटा अर्ध्यावर असतो तेव्हा डिझेल पावच उरलेलं असतं. काट्यावर भरवसा ठेवणारा शहाणा मग भर पाण्यात बसून हात हलवत असतो. अशांना मी ओढून आणतो आणि धक्का येईपर्यंत चार शब्द सुनावतो. तेवढा माझा हक्क आहे.

म्हणून आमच्याकडे काठी. लाकडी, आठ खाचांची, धक्क्यावरच्या खिळ्याला टांगलेली. टाकीचं झाकण काढायचं, काठी तळापर्यंत घालायची, कितव्या खाचेपर्यंत ओली झाली ते बघायचं. पण ते जाणाऱ्याने बघायचं नाही, ही आमच्या घरची रीत. जो धक्क्यावर राहणार, त्याने काठी घालायची आणि आकडा मोठ्याने सांगायचा. जाणाऱ्याने तो परत म्हणायचा, मगच दोर सोडायचा. जाणाऱ्याला घाई असते, त्याला पाचाचे सहा दिसतात. दादा निघाला की मी काठी घालतो, मी निघालो की बायको घालते. तिचा आवाज असा खणखणीत, की आमच्या टाकीत किती आहे हे सगळ्या गावाला कळतं.

त्या दिवशी दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, कुणाचं तरी घरसामान घेऊन खाडीपलीकडे निघाला होता. कपाटं, गाद्या, चादरीत गुंडाळलेला एक मोठा आरसा. मी काठी घातली.

"आठ!"

"आठ," दादा म्हणाला आणि गेला. आठ म्हणजे टाकी काठोकाठ.

आम्ही जेवायला बसणार तोच त्याचा फोन आला.

"मिस्त्री, डिझेल संपलं." मला तो चिडवायला मिस्त्रीच म्हणतो.

"काटा काय म्हणतो?"

"अर्धा."

"मग संपलं कशावरून?"

"इंजिन बंद पडलं त्यावरून. पाण्यातल्या मधल्या खांबापाशी आहे. ये लवकर."

भरलेली टाकी एवढ्यात संपत नाही. कुठे तरी गळत असेल, नाही तर पाइपात हवा शिरली असेल. मी माझा पिवळा कॅन भरून घेतला. त्याची कडी हाताला काचते म्हणून मी तिला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली आहे, आणि झाकणावर एक डाग आहे, माझीच गरम सळई लागून वितळलेला. बायको ताटं झाकून खाली आली. तोंड फुगलेलं होतं.

"सहा!"

"सहा," मी म्हणालो.

"गार झालं तर मला बोलायचं नाही," ती म्हणाली आणि तिने काठी खिळ्याला लावली. फोन वर्कशॉपमध्ये चार्जिंगलाच राहिला, हे मला पाण्यात गेल्यावर आठवलं.

वारा अजिबात नव्हता. भर दुपारी कधी कधी पाणी आणि आभाळ सारखंच पांढरं होतं, तसं झालं होतं. दोन्ही काठ पुसट. वाटेत मला एकही बोट भेटली नाही. हे मी नीट आठवून सांगतोय.

खांब दिसण्याआधीच इंजिनाचा आवाज आला. दादाची बोट चालू होती. तो आरशाला टेकून बसला होता आणि फडक्याने हात पुसत होता.

"परत कशाला आलास?" त्याने विचारलं.

"परत म्हणजे?"

"आत्ताच तर ओतून गेलास."

दादाला चेष्टा करायला वेळकाळ लागत नाही. मी कॅन घेऊन त्याच्या बोटीत चढलो आणि तिथेच थांबलो. त्याच्या पायाशी एक पिवळा कॅन होता, रिकामा. कडीला ट्यूबची पट्टी. मी माझा कॅन शेजारी ठेवला. दोन्ही झाकणांवर तोच डाग होता, त्याच जागी.

"दुसरा कधी आणलास?" दादा म्हणाला. तोपर्यंत तो हसत होता.

मी इंजिनाचं झाकण उघडलं. टाकी पूर्ण सुकली की नुसतं डिझेल ओतून भागत नाही. स्क्रू सैल करून पाइपातली हवा काढावी लागते. दादाला ते जमत नाही. त्याने उभ्या जन्मात स्क्रू हातात घेतलेला नाही. पण हवा काढलेली होती, स्क्रू घट्ट बसवलेला होता, आणि त्याच्या भोवतीची जागा पुसून लख्ख केलेली होती. मी तसंच करतो. त्यावरून सगळे मला हसतात.

"कोण आलं होतं, दादा?"

"तू."

"काय बोललो मी?"

"काहीच नाही. रागावलेला दिसलास. ओतलंस, हवा काढलीस, काठी घातलीस, आठ म्हणालास."

"काठी?"

"हो. आणली होतीस ना."

काठी बोटीत कधीच जात नाही. मी निघालो तेव्हा बायकोने ती खिळ्याला लावली होती. मी खाली बसलो. माझं डोकं चालेना, हे मी सरळ कबूल करतो. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. पण एवढं कळत होतं, की कुणी तरी इथून निघालंय.

"कुठे गेला तो?"

"गेलास ना घराकडे," दादा म्हणाला. मग त्याने माझ्या तोंडाकडे नीट बघितलं आणि हातातलं फडकं खाली ठेवलं.

मी त्याचा फोन घेऊन बायकोला लावला.

"दादा, कुठे राहिलात तुम्ही?" ती म्हणाली. "हे तर आलेसुद्धा."

"अगं, मी बोलतोय."

ती हसली. आम्हा भावांचे आवाज फोनवर सारखे येतात. दादाने तिला दोनदा असंच फसवलं आहे.

"चेष्टा पुरे. हे जेवायला बसलेत. तुमचंही ताट वाढू ना?"

"अगं ऐक. त्याला बाहेर काढ. तू खाली जा."

"थांबा, ह्यांनाच देते."

मला आमचा पंखा ऐकू आला. तो फिरताना दर फेरीला टक् वाजतो. मग कुणी तरी घास गिळला.

"टाकीत किती आहे?" त्याने विचारलं.

तो आवाज माझा होता असं मी म्हणणार नाही. आपला आवाज बाहेरून कसा येतो, हे आपल्याला कुठे माहीत असतं? पण प्रश्न असा रोजचा होता, की मी शेजारच्या माझ्या बोटीतल्या काट्याकडे बघितलं.

"अर्धी," मी म्हणालो.

"पुरेल."

फोन बंद झाला. पुन्हा लावला तर कुणी उचलला नाही.

मला भीती वाटली. स्वतःसाठी नाही, तिच्यासाठी. ती वरच्या खोलीत एकटी होती आणि समोर बसलेल्याला वाढत होती. दादा म्हणाला, "तू हो पुढे, मी मागोमाग आलोच." त्याची बोट सामानाने जड होती. दोन्ही कॅन त्याच्याकडेच राहिले. माझ्या टाकीत काठी कुणी घातली नाही. पाण्यावर मागे राहणारा कोण असतो? मी दोर सोडला आणि इंजिन पूर्ण जोरात सोडलं.

आमचा धक्का दिसू लागला. वर्कशॉपचं पत्र्याचं छप्पर, वरची उघडी खिडकी. आणि तिथेच इंजिनाने दोन आचके दिले आणि ते थांबलं.

काटा अर्ध्यावर होता.

मी टाकीचं झाकण काढून आत बघितलं. तळाचा पत्रा दिसत होता, कोरडा. फ्लोट तळाला टेकलेला होता. सहा खाचा डिझेल कुठे गेलं, ते मला आजही सांगता येणार नाही. बसायची फळी उचकटून वल्हवून बघितलं, तर बोट जागच्या जागी फिरत राहिली. मागून दादाच्या इंजिनाचा आवाज येत होता. जवळही येत नव्हता, लांबही जात नव्हता. मग तो बंद झाला.

मी बायकोला हाका मारल्या. ती धक्क्यावर आली. तिला बघून मला इतकं बरं वाटलं, की रडूच आलं. तिने डोळ्यांवर हात धरला.

"दादा!" ती ओरडली. "थांबा तिथेच! हे निघालेत!"

पोहत जावं म्हणून मी सदरा काढला. तेवढ्यात धक्क्याला एक बोट दिसली आणि तिच्यात वाकलेला माणूस. बायकोने खिळ्यावरून काठी काढली.

"सहा!"

पाण्यावरून आवाज फार स्वच्छ येतो.

"सहा," तो म्हणाला.

तो सरळ माझ्याकडे आला. त्याच्या चेहऱ्याबद्दल काय सांगू? रोज दाढी करताना बघतो तोच. तो रागावलेला दिसत होता. बोट बोटीला लागली तेव्हा त्याच्या हाताला आमच्या घरच्या जेवणाचा वास आला. त्याच्या पायाशी पिवळा कॅन होता.

मी म्हणालो, "कोण आहेस तू?"

त्याने डिझेल ओतलं. हवा काढली, स्क्रू आवळला, भोवतीची जागा पुसली. मी त्याचा हात धरायला हवा होता. मी नुसता बघत राहिलो, कारण तो काम नीट करत होता.

मग त्याने त्याच्या बोटीतून काठी उचलली आणि माझ्या टाकीत घातली.

"आठ," तो म्हणाला.

एका कॅनमध्ये आठ खाचा भरत नाहीत. हे माझ्याइतकं कुणाला माहीत असणार? पण इतक्या वर्षांची सवय.

"आठ," मी म्हणालो.

त्याने मान हलवली आणि माझी बोट हळूच लोटली. ती सुटली. धक्का उजवीकडे सरकायला लागला.

"अहो!" बायको तिकडून ओरडली. "कोण आहे हो? दादाच ना?"

मी दोन्ही हात वर केले. ते जोरजोरात हलवले. तो माझ्याकडे बघत उभा होता. मग त्याने किनाऱ्याकडे तोंड वळवलं.

"कुणी नाही गं," तो म्हणाला.