सावलीला थांबायला शिकवा

दामोदरबुवा ओसरीवर बसून कोमट दूध घोटघोट गिळत होते, आणि त्याच वेळी समोरच्या मंदिरात त्यांचं कीर्तनही रंगलं होतं.

एकादशीची संध्याकाळ. भोंग्यातून येणारा आवाज त्यांचाच होता, पण ऐन उमेदीतला. गळ्याला कर्करोग झाल्यापासून बुवांना चार वाक्यं बोलली की ठसका लागे. मंदिरातली स्वरछाया मात्र न थकता गात राही. बुवांच्या जुन्या ध्वनिमुद्रणांवरून यंत्राने त्यांचा आवाज, त्यांचे विनोद, श्वास घ्यायची जागासुद्धा उचलली होती. कॅमेऱ्यातून श्रोत्यांचे चेहरे पाहून ती दृष्टांत निवडायची. सेलूच्या पंचक्रोशीत लोक तिला नुसतं 'सावली' म्हणत आणि निघताना तिला हातही जोडत.

अशा सावल्या बनवून सांभाळणाऱ्या स्वरपेढीची नोंदणी अधिकारी नीलोफर शेख बुवांच्या समोर बसली होती. तिने त्यांच्या गळ्यावर बटणाएवढी तबकडी चिकटवली.

"ही कंठमुद्रा, बुवा. शेतजमिनीसारखीच सावली ही तुमची मालमत्ता. तुमच्या पश्चात तिचं काय करायचं, ते जिवंत गळ्याच्या थरथरीसकट सांगायचं. नुसत्या आवाजावर कायदा विश्वास ठेवत नाही."

"का बरं?"

"नाहीतर सावलीच स्वतःचं मृत्युपत्र करायची."

बुवा हसले आणि ठसक्याने वाकले. परवा संभाजीनगरला त्यांचं ऑपरेशन होतं. डॉक्टर स्वरयंत्रच काढणार होते. सांगायचं ते आजच सांगायला हवं होतं.

त्यांची मुलगी कांचन पाण्याचा तांब्या घेऊन आली. "आप्पा, सावलीसाठी माझं नाव सांगा आणि मोकळे व्हा. सकाळी मला 'ऊठ की गं म्हशे' म्हणायला घरात तुमचा आवाज पाहिजे."

"ते तुझ्या नवऱ्याला शिकव."

"त्यालाच मी उठवायलेय."

बुवांनी तिच्या हातचं पाणी घेतलं, पण प्यायले नाहीत. उठले, अंगणापर्यंत गेले, परत आले. त्यांचा कान भोंग्याकडे होता. "काहीतरी चुकायलंय हिचं."

"काय चुकायलंय? एक अक्षर इकडचं तिकडं होत नाही."

"तेच की."

कांचनने नीलोफरकडे पाहून हताशपणे मान हलवली. बुवा खाली बसले. "पोरी, मी कीर्तनकार कसा झालो, सांगू?"

"आप्पा, शंभरदा ऐकलंय."

"हिनं कुठं ऐकलंय?" ते थांबत थांबत बोलू लागले. "भर कीर्तनात माझ्या गुरुजींना ठसका लागला. आवाजच फुटेना. त्यांनी वळून मागच्या टाळकऱ्यांकडं नुसतं बघितलं. मी कडेला उभा. कुणी उचलेना, म्हणून मी चरण उचललं. सूर चुकला. तरी गुरुजींनी आपलं उपरणं माझ्या खांद्यावर टाकलं." त्यांनी श्वास घेतला. "सावली आल्यापासून आपल्या पंचक्रोशीत नवा कीर्तनकार कोण उभा राहिला, कांचन?"

कांचन आठवत राहिली. तिला एकही नाव सापडलं नाही.

"ती थांबतच नाही. मग मागचा पुढं येणार कसा?"

नीलोफर हळूच म्हणाली, "ठसके, विसरणं, अडखळणं आम्हीच गाळून टाकलं, बुवा. लोकांना ऐकायला बरं वाटावं म्हणून."

"मग तिला थांबायला शिकवा." बुवांनी तबकडीवर बोट ठेवलं. "मी दामोदर विश्वनाथ वालूरकर सांगतो. माझी सावली रंगात आली की मध्येच थांबेल. मागच्या कुणी चरण उचललं, तर पुढचं कीर्तन त्या माणसाचं. सावलीनं गप्प राहायचं. आमच्या मंदिरातल्या अख्ख्या सप्ताहात कुणीच उचललं नाही, तर तिला कायमची पुसून टाका. आणि हे मी गेल्यावर नाही, येत्या सप्ताहापासूनच. मला बघायचंय."

कांचनचा चेहरा उतरला. "म्हणजे मला काहीच नाही?"

"खुंटीवर तुझे टाळ आहेत की."

लग्नाआधी ती बापाच्या मागे उभी राहून गात असे. त्या टाळांना तिने कित्येक वर्षांत हात लावला नव्हता.

बुवा ऑपरेशनमधून वाचले. महिन्याभराने सप्ताह बसला. पहिल्या दिवशी सावली मध्येच थांबली, तेव्हा मंडपात एकजण म्हणाला, "नेट गेलं वाटतं, वायर बघा रे." दोघे वायर बघायला धावले. टाळकरी एकमेकांकडे पाहून हसले. शेवटी सावलीनेच विठ्ठलनामाचा गजर करून कीर्तन आवरतं घेतलं. रोज तसंच होऊ लागलं. कांचन पुढे बसून, डोळे मिटून तो आवाज कानात साठवत राहिली.

शेवटचा, काल्याच्या कीर्तनाचा दिवस उजाडला. या कीर्तनाशिवाय सप्ताह पुरा होत नाही. हंडी बांधलेली होती. नीलोफर मागच्या खांबाशी उभी होती. आजही कुणी पुढे आलं नाही, तर सावली पुसायचं काम तिचंच होतं. गळ्याला पांढरा रुमाल गुंडाळून बुवा पुढे बसले होते. आणि आज कांचन खुंटीवरचे टाळ घेऊन टाळकऱ्यांत, अगदी कडेला उभी होती.

सावलीने वरचा सूर लावला, अभंगाचं चरण अर्ध्यावर आणलं आणि ती थांबली.

टाळ थांबले. पखवाजवाल्याचा हात अधांतरी राहिला. बुवांनी टाळकऱ्यांकडे नुसतं पाहिलं, त्यांच्या गुरुजींनी पाहिलं असेल तसंच.

कांचनने टाळांची दोरी बोटांना गुंडाळली. ती गप्प राहिली, तर आप्पांचा आवाज आज कायमचा जाणार होता. गायली, तर भर मंडपात तिनेच त्याला गप्प बसवायचं होतं. सूर चुकेल, लोक हसतील, तेही होतंच.

बुवांच्या ओठांची नुसती हालचाल झाली. आवाज आला नाही, पण ते अर्धं राहिलेलं चरण तिला कळलं.

कांचनने टाळ छातीशी घेतले आणि श्वास घेतला, जिथे बुवा नेहमी घेत अगदी तिथेच.

त्या श्वासातून आता जो आवाज निघेल, तो कुणाचा असेल?