बसलेलं इंजिन

माघातल्या एका सोमवारी सकाळी मी अमरावतीच्या बाजारात संत्र्यांचे कॅरेट उतरवले आणि रिकामा ट्रक घेऊन बडनेरा रोडवरच्या सुगतच्या गॅरेजला गेलो. तेलाचा लाल दिवा कित्येक दिवस जळत होता. इंजिनाच्या उष्णतेचा काटा तळालाच चिकटलेला. वायरिंग गेलं असेल, असं मी धरून चाललो होतो. तरी प्रणाली, माझी बायको, मागे लागली म्हणून एकदा दाखवून घ्यायचं ठरवलं.

ट्रक माझा आणि माझा मोठा भाऊ देवानंद याचा. शेंदूरजनाघाटला माल भरायचा, अमरावतीला नाहीतर अकोल्याला उतरवायचा. एक खेप त्याची, एक माझी. अकरा वर्षं असंच चाललं. नवरात्रात देवानंद गेला. दुपारी जेवून पडवीत आडवा झाला तो उठलाच नाही. चौदाव्या दिवशी मी ट्रक बाहेर काढला, कारण दोन घरं त्याच्यावर होती. मी रडलो नाही. वाईट वाटतंय असंही वाटत नव्हतं. भाजी गरम आहे का, असं प्रणाली विचारायची तेव्हा मला पुन्हा एक घास घेऊन पाहावं लागायचं.

सुगत समोरच्या टपरीवर चहा पीत होता. परत आला तेव्हा मी शेडखाली ट्रक लावून उतरलो होतो.

"कवा आले, शेखरभाऊ? गाडी आत आली अन् मले पत्ताच नाही."

मी चावी त्याच्या हातात दिली. त्यानं ती फिरवली. काहीच झालं नाही. बॅटरी बदलून पाहिली, एक बारीक टक् झालं आणि संपलं. मग तो आणि त्याचा जोडीदार मनोज इंजिन उघडायला बसले. मी बाकड्यावर बसून रस्त्यावरच्या गाड्या बघत राहिलो.

दुपारी बारा-साडेबाराला सुगतनं हाक मारली. हेड काढून खाली ठेवलं होतं. पिस्टन गंजून सिलिंडरला चिकटले होते. त्यानं लोखंडी पहार लावून जोर केला, पण तसूभरही हललं नाही.

"बसलं इंजिन," तो म्हणाला. "टोचन करून आणली ना गाडी?"

"नाही. चालवत आणली."

"कुठून?"

"घरून. पाच टन माल होता."

तो हसला. मी हसलो नाही, तेव्हा त्याचंही हसू गेलं. त्यानं हवा आत घेणारा पाइप काढून माझ्यासमोर धरला. आत कुंभारमाशीनं मातीचं घर केलं होतं. पाइपाचं तोंड पूर्ण बंद. माती वाळून पांढरी पडलेली, कुठे चीरसुद्धा नाही.

"भाऊ, हे दिवाळीच्या आधीचं हाय. यातून हवा जाऊच शकत नाही." सुगतचा आवाज खाली आला. "डिझेल कवा भरलं होतं शेवटचं?"

मी आठवून पाहिलं. पंपावर थांबल्याचं आठवेना.

"इंजिनचा आवाज कसा येत होता?"

तेही आठवेना. वरूड आठवलं, मोर्शी आठवलं, पत्र्यावर घासणाऱ्या बाभळीच्या फांद्या, मागे हलणारे कॅरेट, सगळं आठवलं. इंजिनाचा आवाज तेवढा आठवला नाही.

मनोजनं हात पुसले आणि जेवायला जातो म्हणून निघून गेला. तो त्या दिवशी परत आला नाही.

दुसरं इंजिन बसवायचं की ट्रक आहे तसा विकायचा, हे मी एकट्यानं ठरवण्यासारखं नव्हतं. देवानंदमागे अर्धा ट्रक सुभद्रावहिनींचा होता. मी फोन केला. दुसऱ्या दिवशी त्या एसटीनं आल्या. सुगतनं त्यांना खुर्ची दिली, पण त्या उभ्याच राहिल्या. उघडं इंजिन त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"वापरलेलं इंजिन भेटते, वहिनी," मी म्हणालो. "पंधरा दिवसांत गाडी रस्त्यावर येईल. तुमी म्हणान तसं करू."

"भाऊजी, तुमी सकाळी गाडी काढत होते, तवा मी दारात उभी राहो."

"हो."

"गाडी जाताना दिसे. आवाज येत नव्हता." त्यांनी पदर दातात धरला, सोडला. "मले वाटलं, माह्याच कानाले काही झालं. म्हणून कोनाले बोलली नाही."

सुगत तिथून उठला आणि उगाच नळ सोडून हात धुऊ लागला.

"मंग काय करू?"

"इकून टाका," त्या म्हणाल्या. "थांबू द्या आता."

कोणाला, ते मी विचारलं नाही.

अकोल्याच्या कुलदीपनं ट्रक घेतला. त्याच्याकडे दुसरं इंजिन तयार होतं, त्याला फक्त सांगाडा हवा होता. सुगतनं आमचं इंजिन उतरवून लाकडी ठोकळ्यांवर ठेवलं. बॅटरीही काढली. बॉनेट उघडलं की खालची जमीन दिसायची.

गुरुवारी अकराच्या सुमारास कुलदीप आपला ट्रक घेऊन आला. साखळी बांधली. मागे स्टेअरिंगवर बसायला त्याच्याकडे माणूस नव्हता, म्हणून मी बसलो.

बडनेऱ्यापर्यंत रस्ता सपाट होता. ऊन चांगलंच होतं. केबिनमध्ये काहीच आवाज नव्हता. साखळीची ओढही लागत नव्हती. आधी मला वाटलं, कुलदीप हळू चालवतोय.

मग रेल्वेवरचा पूल आला.

चढाला कुलदीपनं गिअर बदलला. त्याच्या ट्रकनं काळा धूर सोडला. त्याचा मागचा फाळका जवळ येऊ लागला.

मी ब्रेक दाबला. इंजिनाशिवाय तो फार जड लागत होता.

कुलदीपचा ट्रक चढतच होता, तरी फाळका आणखी जवळ आला.

साखळी सैल पडून रस्त्यावर घासत होती. पूल संपेपर्यंत मी दोन्ही पाय ब्रेकवर ठेवून उभा होतो.