एझरा टॉलिव्हरच्या आईचं नाव

खडकजाई मिलिटरी नावाच्या गावातली चौदा माणसं रोज दुपारी दीड वाजता कामावर येत आणि लगेच झोपत. साडेतीनला उठत, चहा पीत, झोपेत काय झालं ते सांगत आणि घरी जात. सुरुवातीला गावाला हे काम वाटत नसे. मग घरोघरून तक्रारी यायला लागल्या, की हे लोक संध्याकाळी दमलेले असतात, कुणाशी बोलत नाहीत. तेव्हा गावाने ते काम असल्याचं मान्य केलं.

केंद्र माजी सैनिक सभागृहात होतं. चौदा खाटा, चौदा पांघरुणं आणि प्रत्येक खाटेवर एक मऊ टोपी, आतून तारांची जाळी असलेली. कागदोपत्री तिचं नाव निद्रावाचक. पण तिचे बंद हनुवटीखाली बांधायचे असल्यामुळे सगळे तिला टोपरं म्हणत. टोपरं घातलेले निवृत्त सुभेदार भगवानआप्पा शेडगे, भरघोस मिशीसकट, फार गोड दिसत. हे त्यांना कुणी सांगत नसे.

कागद अमेरिकेहून येत. पावणेदोनशे वर्षांपूर्वी तिथे यादवी युद्ध झालं. दक्षिणेकडची राज्यं गुलामगिरी टिकवायची म्हणून फुटून निघाली, लढली आणि हरली. हरलेल्या शिपायांना आणि त्यांच्या विधवांना पुढे त्या त्या राज्यांनी पेन्शनी दिल्या. त्यासाठी अर्ज आले, जखमांची वर्णनं आली, लग्नाचे पुरावे आले, सोबत लढलेल्या दोघांच्या साक्षी आल्या. अशी लाखो पानं. आता त्या लोकांचे वंशज त्या पानांत आपली माणसं शोधत होते.

जुनं अक्षर वाचायला यंत्रं केव्हाच शिकली होती. पण या कागदावरचा जॉन आणि त्या कागदावरचा जॉन एकच का, या प्रश्नावर ती फार आत्मविश्वासाने चुकत. झोपलेला मेंदू हेच काम रोज फुकट करतो. दिवसभरात दिसलेले चेहरे, नावं, आवाज तो झोपेत एकमेकांशी जुळवून ठेवतो. टोपरं त्याच्यात कागद सोडे, मेंदू ते जुळवी, आणि झोपणाऱ्याला त्याचं स्वप्न पडे. जागं झाल्यावर ते सांगायचं, कागदांशी ताडून पाहायचं, जुळलं की कुणाच्या तरी वंशावळीत एक फांदी वाढे.

आधी शहरातले पदवीधर झोपवून पाहिले होते. त्यांना प्रत्येक फाइलीत परीक्षेचा पेपर दिसला. खडकजाईत मात्र घरटी एक शिपाई होता आणि घरटी एक पत्र्याची ट्रंक, पेन्शनीच्या कागदांनी भरलेली. खिडकीसमोर अर्ज घेऊन माणूस कसा उभा राहतो, हे इथल्या लोकांना झोपेतसुद्धा माहीत होतं. नोकरीची अट तेवढीच होती.

त्यांच्यात सगळ्यात अचूक झोप वत्सलाकाकी निकमांची. वय अठ्ठावन्न, हवालदाराच्या विधवा. आठ महिन्यांत अकराशे फाइली आणि चुका तीन. केंद्र सांभाळणारा निनाद पेठे, साताऱ्याचा, सव्वीस वर्षांचा. तो एकटाच जागा राहायचा, त्यामुळे सगळे त्याला आळशी समजत.

झोपायचा नियम एकच होता. बघायचं, बोलायचं नाही.

"मेंदू भिडस्त असतो, काकी," निनादने पहिल्याच दिवशी समजावलं होतं. "स्वप्नात कुणाला काही विचारलंत, तर उत्तर द्यायलाच पाहिजे म्हणून तो काहीतरी बनवून देतो. मग खरं कुठलं आणि भिडेपोटी दिलेलं कुठलं, हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही."

"माझ्या जावेचं असंच हाय," काकी म्हणाल्या होत्या.

त्या गुरुवारी काकींच्या वाट्याला एझरा टॉलिव्हर आला.

त्याची पणती अर्नेस्टीन टॉलिव्हर मिसिसिपीत राहायची. वय ब्याऐंशी, निवृत्त शिक्षिका. एझरा गुलाम होता. मालकाचा मुलगा युद्धावर गेला तेव्हा त्याने एझराला सामान वाहायला, घोडा सांभाळायला सोबत नेलं. पुढे म्हातारपणी, १९१३ साली, एझराने नोकर म्हणून पेन्शनीचा अर्ज केला. म्हणजे त्याला गुलाम ठेवण्यासाठी चाललेल्या युद्धात त्याने जी हमाली केली, तिच्याबद्दल ही पेन्शन होती. हे वाक्य निनादने तीनदा तपासलं. ते बरोबर होतं.

अर्नेस्टीनबाईंना एकच गोष्ट हवी होती. दहाव्या दिवशी, रविवारी, त्यांच्या घराण्याचा मेळावा होता. त्या दिवशी घराण्याच्या दफनभूमीत एक दगड बसणार होता, त्यावर सगळ्या पूर्वजांची नावं. एझराच्या वरची ओळ कोरी होती. आईचं नाव कुणालाच माहीत नव्हतं. कोरणारा थांबला होता. अर्जात मालकाचं नाव दोन ठिकाणी विचारलं होतं. आईचं कुठेच नाही.

"फाइलीत असलं तर बघा," निनाद म्हणाला. "नसलं तर नाही. रविवार त्यांचा आहे, आपला नाही."

काकींनी बंद बांधले आणि त्या कुशीवर वळल्या.

कचेरीच्या व्हरांड्यात घोट्याएवढं पाणी होतं, कोमट, स्वच्छ. त्याबद्दल कुणी काही बोलत नव्हतं. काकी अनवाणी होत्या. चपला त्या प्रत्येक स्वप्नाच्या बाहेर काढून ठेवत. पलीकडे लांबवर पांढरं शेत हलत होतं. आधी ती ज्वारी होती, मग कुणीतरी लक्षात आणून दिल्यासारखी ती कापूस झाली. रांगेतले म्हातारे आपापले कागद छातीशी धरून उभे होते, आणि एकेकाचं नाव पुकारलं की तो कागदाइतकाच हलका होऊन पुढे सरके.

एझरा टॉलिव्हर पुढे आला. टोपी हातात. कारकुनाने विचारलं, मालक कोण? त्याने सांगितलं. कारकुनाने विचारलं, किती वर्षं होतास? त्याने सांगितलं. कारकुनाचा टाक प्रश्नाच्या आधीच उत्तर लिहीत होता. मालक कोण, त्याने पुन्हा विचारलं. एझराने पुन्हा सांगितलं, त्याच आवाजात. मग कारकुनाने पान उलटलं, आणि त्याचं काम संपलं.

म्हातारा वळला आणि काकींसमोर आला. आता खडकजाईत समोर अनोळखी म्हातारं माणूस आलं की एकच गोष्ट होते. ती काकींच्या आईने केली असती, आजीने केली असती, गावातल्या कुठल्याही बाईने केली असती. नियमाचा त्यात काही संबंधच येत नाही.

"कुणाचा रं बाबा तू?" काकी म्हणाल्या.

कारकुनाचा टाक थांबला. पाणी थांबलं. म्हाताऱ्याने आधी काकींच्या अनवाणी पायांकडे पाहिलं, मग तोंडाकडे. मग तो हसला.

"डायसीचा," तो म्हणाला.

साडेतीनला काकींनी सांगितलेलं निनादने पडद्यावर कागदांशी ताडून पाहिलं, तेव्हा त्यातली शेवटची ओळ लाल होती. लाल म्हणजे त्या फाइलीच्या कागदांबाहेरची.

"काकी, तुम्ही बोललात."

"व्हय."

"अकराशे फाइलींत कधी बोलला नाहीत."

"अकराशे फायलीत कुणी माझ्यासमोर येऊन उभं ऱ्हायलं न्हाई. सगळी पाठमोरी असत्यात. ह्यो आला. मग काय, भितीकडं बघत बसू?"

"डायसी हे नाव तुम्हाला माहीत होतं?"

"मला आमच्या सरपंचाच्या बायकूचं नाव आठवत न्हाई."

शेजारच्या खाटेवर भगवानआप्पा टोपऱ्याचे बंद सोडत होते. "मी सांगतो," ते म्हणाले. "पोरीनं पंचनामा केला. समक्ष विचारलं, समक्ष सांगितलं. ह्यापेक्षा मोठा पुरावा कंचा असतो?"

"आप्पा, तो माणूस शंभरेक वर्षांपूर्वी वारलाय."

"मग उगाच खोटं कशाला बोलंल?"

हा प्रश्न पुढचे चार दिवस निनादला अधूनमधून आठवत राहिला.

ते चार दिवस त्याने त्या मालकाच्या घराण्याचे बाकीचे कागद उपसले. सोमवारी एक यादी सापडली. १८४६ साली मालकाचा बाप मेला, तेव्हा त्याच्या मालमत्तेची केलेली. एझरा तेव्हा दोन वर्षांचा असणार. यादीत एक भिंतीवरचं घड्याळ होतं, दोन खेचरं होती, तांब्याची एक किटली होती. आणि किटलीच्या खाली ओळीने: मिली आणि मूल. शार्लट आणि मूल. डायसी आणि मूल. ॲगी आणि मूल. मुलांना नावं नव्हती.

निनादने ती ओळ काकींना वाचून दाखवली.

"किटलीखाली लिवलंय?"

"हो."

"मग हाय की तिचं नाव. मी काय बनवलं न्हाई."

"तसं नाही ना काकी. मार्चमध्ये तुम्हाला याच जिल्ह्याचे कागद दिले होते. ही यादी त्यात होती. चाळीस सेकंद तुम्ही तिच्यावर झोपला होतात. नाव तिथनंच आलं असणार."

"चार बाया व्हत्या म्हणतोस. मग डायसीच का आली?"

"ते कुणालाच सांगता येणार नाही. कदाचित तुमच्या मेंदूने बाकी सगळे धागे जुळवून बरोबर बाई निवडली. कदाचित नुसता डोळे मिटून हात घातला."

"डोळं मिटलेलंच व्हतं की."

निनाद हसला नाही. "त्या बाई हे नाव दगडावर कोरतील. चुकलं तर त्यांची नातवंडं दुसऱ्याच कुणाच्या तरी आईला फुलं वाहतील, आणि आपण लिहिलंय म्हणून ते कायमचं खरं होईल. नाही सांगितलं तर ओळ कोरी राहील. मला दोन्हीतलं काहीच नकोय."

काकींनी पदराने चष्मा पुसला. "माझ्या समद्या कागदांवर बापाचं नाव हाय, नवऱ्याचं हाय. आईचं एकावर बी न्हाई. पारूबाई नाव व्हतं. तुला आज कळलं. कळल्यावर काय बिघडलं तुझं?" मग चष्मा चढवून म्हणाल्या, "लपवू नगंस. चार हायत तर चार सांग. त्यांचं माणूस हाय, त्यांना ठरवू दे."

मंगळवारी फोन लागला. दुभाषी यंत्रात निनादने ऐकणाऱ्याची बोली 'सातारा, ग्रामीण' अशी निवडली होती, काकींना सोपं जावं म्हणून. त्यामुळे मिसिसिपीच्या अर्नेस्टीनबाई थेट खडकजाईच्या वाटत होत्या.

"बोला, ऐकतीया मी."

निनादने सगळं सांगितलं. यादी, चार नावं, मार्चमधले चाळीस सेकंद, मेंदूचा भिडस्तपणा. काही लपवलं नाही. पलीकडे पंख्याचा आवाज येत होता.

"ती इचारणारी बाई हाय का तितं?"

"हाय," काकी पुढे सरकल्या.

"नाव सांगताना त्यो अडखळला का वो?"

"न्हाई. आदी माझ्या पायाकडं बघितलं. मग हसला. मग सांगितलं."

"हसला?"

"हसला. वरचा एक दात न्हाई."

पंखा फिरत राहिला. "आमच्याकडं फोटू न्हाई त्याचा," अर्नेस्टीनबाई म्हणाल्या. "दाताचं खरं का खोटं, मला कसं कळावं. पर त्यो हसला असं आजवर कुणीच सांगितलं नव्हतं."

मग त्यांनी चारही नावं पुन्हा सांगायला लावली आणि लिहून घेतली. यंत्राने पेन्सिलीच्या आवाजाचंही भाषांतर करायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला.

"चारी कोरते," त्या म्हणाल्या.

"चारही?" निनाद म्हणाला. "आई एकच असणार, बाई."

"लेकरा, चाळीस वर्सं गणित शिकवलंय मी. येक माझी हाय. बाकीच्या तिघी तिच्या शेजारणी. शेजारणींबिगर पोर वाढतं व्हय? त्यांना बी कुणी इचारलं नसंल. वरच्या वळीत चौघी बसतील दाटीवाटीनं."

निनादने अहवालात 'निष्कर्ष'समोर चार नावं लिहिली. 'आधार' या रकान्यात तो बराच वेळ अडला. शेवटी काकींनी सांगितलं तसं लिहिलं: यादी, १८४६, शिवाय अर्जदाराने स्वतः समक्ष सांगितले. फाइल बंद करण्याच्या बटणावर त्याचं बोट होतं, तेवढ्यात पलीकडून पुन्हा आवाज आला.

"अजून येक. त्या बाई परत जातील का तिकडं?"

"आता शोधण्यासारखं काही उरलेलं नाही त्यात," निनाद म्हणाला.

"शोधायला न्हाई. त्याला निरोप द्यायला. म्हणावं, तुजी चाळीस माणसं ऐतवारी जेवायला येणारेत. येवडंच."

निनादने कामाच्या यादीत पाहिलं. शोध होता, पडताळणी होती. निरोप असा प्रकार नव्हता. त्याने तो तयार केला. स्वप्नातल्या माणसाला सांगितलेली गोष्ट नक्की कुणाला सांगितली जाते, एका बाईच्या मेंदूला, एका कागदाला, की आणखी कुणाला, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. शिकवणारं कुणी असेल असंही त्याला वाटेना.

बुधवारी दुपारी दीड वाजता सभागृहाचे पडदे ओढले गेले. उन्हाचा एक पट्टा तेरा खाटांवरून सावकाश सरकत चौदाव्या खाटेपाशी आला. भगवानआप्पा घोरायला लागले होते. काकींनी टोपरं घातलं, बंद बांधले आणि चेहरा भिंतीकडे केला.

"पाठ केलंत ना?" निनादने हळू आवाजात विचारलं. "चाळीस माणसं. ऐतवारी. जेवायला."

"व्हय रं. आता बोलायाच चाललीया म्हटल्यावर नीट सांगते."

टोपऱ्यावरचा हिरवा दिवा लागला. काकींचा श्वास लांब होत गेला. निनाद स्टुलावर बसला, पुन्हा उठला, आणि खाटेजवळ वाकला.

"काकी," तो म्हणाला, "आणि तो 'मी पण येतो' म्हणाला तर?"